शेणाच्या थरांनी राखलेलं गाव

नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगन प्रांतात एझिंगे नावाचं लहानसं गाव आहे. तेराव्या शतकातलं विटांचं चर्च, शेजारी सुटा उभा असलेला त्याचा मनोरा, भोवती घरं आणि पुढे नजर पोचेल तिथवर कुरणं. चर्च ज्या उंचवट्यावर आहे, तो मात्र माणसांनी रचलेला आहे.

इ.स.पू. 500 च्या सुमारास इथे वस्ती झाली, तेव्हा समुद्राला बांध नव्हते. वादळी भरतीचं पाणी थेट कुरणांवर चढायचं. पण त्या खारट जमिनीवरचं गवत गुरांना मानवत होतं, म्हणून लोकांनी जागा सोडली नाही. घराखालची जमीनच उंचावली. चिकणमाती, कचरा आणि भरपूर शेण. जुनं घर पडलं की त्यावर नवा थर, त्या थरावर नवं घर. असं करत टेकाड पाचेक मीटर उंच झालं. बांध आले ते हजाराहून अधिक वर्षांनी.

एकोणिसाव्या शतकात या मातीला भाव आला. तिच्यात चुना आणि फॉस्फेट भरपूर, त्यामुळे नापीक रेताड जमिनींसाठी होड्या भरभरून ती नेली जाऊ लागली. प्रांतातली कित्येक टेकाडं अशी कापली गेली, एझिंगेच्या टेकाडाचाही मोठा भाग गेला. हे नुकसान भरून येणारं नाही. पण त्या खोदकामामुळेच आल्बर्ट व्हान गिफेन या संशोधकाला आत शिरता आलं. 1923 ते 1934 या काळात त्यांनी इथे उत्खनन केलं.

आत घरं होती, एकाखाली एक. नुसते खांबांचे खड्डे नव्हेत, तर खांबांचे बुंधे आणि विणलेल्या फांद्यांच्या कुडाच्या भिंती. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. ओल्या शेणामातीच्या घट्ट थरांत तो पोचलाच नव्हता. लांबट घरात खांबांच्या दोन रांगा, एका टोकाला चूल आणि माणसं, उरलेल्या भागात गोठा. गुरांची तोंडं भिंतीकडे, मागे शेणमुताची नाली. हिवाळ्यात गुरांची ऊबही घराला मिळत असणार.

व्हान गिफेन मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यामुळे हाडं आणि बिया त्यांच्या लेखी खापरांइतक्याच मोलाच्या होत्या. एकविसाव्या शतकात ग्रोनिंगनच्या संशोधकांनी हा साठा पुन्हा तपासला. पूर्वी कचरा समजलेली काही भांडी आणि हाडं जाणूनबुजून, बहुधा धार्मिक विधी म्हणून पुरलेली होती, असं त्यातून दिसलं.