गावच्या संगीत महोत्सवाला केंद्राचं अनुदान: अर्ज नेमका कुठे अडतो

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीसाठी अनुदान मिळतं. गावातला संगीत महोत्सव त्यात बसतो. अट एवढीच की सोसायटी किंवा ट्रस्टच्या नोंदणीला किमान ३ वर्षं झालेली हवीत आणि काम चालू हवं. देवस्थान किंवा शाळा-कॉलेज म्हणून चालणाऱ्या संस्थेला मात्र हे मिळत नाही. त्यामुळे जत्रेतल्या मैफलीसाठी देवस्थान ट्रस्टच्या लेटरहेडवर पैसे मागितले, की विषय तिथंच संपला.

ऑनलाइन फॉर्म अवघड नाही. दर्पण पोर्टलचा (नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं संकेतस्थळ) क्रमांक, पॅन, संस्थेची घटना, ३ वर्षांचं ऑडिट आणि अहवाल जोडायचे. घोडं पेंड खातं ते कार्यकारिणीच्या यादीपाशी. अर्जावर सही नव्या अध्यक्षांची, आणि धर्मादाय कार्यालयातल्या शेड्युल वनच्या, म्हणजे ट्रस्टच्या अधिकृत नोंदीच्या, उताऱ्यावर जुनेच विश्वस्त, त्यातले दोघे वारलेले! विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, ९० दिवसांत द्यायचा असतो. तो मंडळं देत नाहीत, आणि दिलेला कार्यालयात पडून राहतो. निदान दाखल केल्याची पोच तरी जपून ठेवा. पॅनवर ‘सांस्कृतिक मंडळ’ आणि पासबुकावर नुसतं ‘मंडळ’ असेल तर तेही आधी दुरुस्त करून घ्या.

आता पैशाचं. ‘५ लाख मिळतात’ हे अर्धवट ऐकलेलं असतं. ५ लाख ही नेहमीची कमाल मर्यादा. अपवाद म्हणून २० लाखांपर्यंत जाता येतं. अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. समजा खर्च ६ लाख आणि पूर्ण ७५ टक्के मंजूर झाले, तर अनुदान साडेचार लाख. त्यातलेही ७५ टक्के, म्हणजे ३,३७,५००, पहिल्या हप्त्यात. उरलेले १,१२,५०० हिशेब दिल्यावर. म्हणजे महोत्सवाच्या रात्री मंडळाकडे स्वतःचे २,६२,५०० रुपये हवेत. मंडपवाला आणि साउंडवाला दुसऱ्या हप्त्याची वाट बघत बसत नाहीत.

दुसरा हप्ता बुडतो तो बहुतेक रोखीमुळे. तबलजीला पाकिटातून मानधन दिलं, पावती नाही, मग सीए उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, सही कशी करणार? या प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला (जीएफआर) १२-ए. त्यावरचा आकडा बिलांच्या बेरजेशी जुळलाच पाहिजे. मानधन थेट कलाकाराच्या खात्यावर टाका आणि सहीची पावती त्याच रात्री, गाडी सुटायच्या आत घ्या.