इंधन प्रणालीतील बिघाड आणि रिकॉल

टाकीतले इंधन योग्य दाबाने, योग्य प्रमाणात आणि वाटेत कुठेही न सांडता सिलिंडरपर्यंत पोहोचवणाऱ्या भागांच्या साखळीला वाहनाची इंधन प्रणाली म्हणतात. टाकी व तिचे झाकण, टाकीखालची तोटी म्हणजे कॉक, पंप, फिल्टर, नळ्या, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर आणि पेट्रोलच्या वाफा धरून ठेवणारा कोळशाचा डबा हे तिचे मुख्य भाग. मोटारसायकल असो वा मोटारगाडी, या प्रणालीतले बिघाड दोन जातींचे असतात. कचरा, पाणी, गंज, शिळे पेट्रोल आणि म्हातारे झालेले रबर यांतून येणारे बिघाड वापराचे. ते देखभालीने टळतात. दुसरी जात मुळातल्या रचनेत किंवा घडणीत राहिलेल्या दोषांची. रिकॉल, म्हणजे उत्पादकाने वाहने परत बोलावून फुकट दुरुस्ती करून देणे, हा या दुसऱ्या जातीवरचा उपाय आहे. लक्षणे दोन्हींची सारखीच दिसतात. म्हणून घडणीतल्या दोषावर मालक स्वतःचे पैसे घालतो, किंवा साध्या कचऱ्याला ‘कंपनीचा दोष’ म्हणून मोकळा होतो.

दाब आणि मिश्रण

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. इथेनॉल मिसळले की हवा कमी लागते. १० टक्के मिश्रणात हे प्रमाण १४.१ च्या आसपास येते. हवा जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’ आणि पेट्रोल जास्त झाले तर ‘रिच’ म्हणतात. लीन मिश्रणाने गाडी झटके खाते, पिकअप जातो, इंजिन तापते. रिच मिश्रणाने काळा धूर निघतो, प्लग काजळतो आणि अॅव्हरेज घसरते.

दाबातला फरक मात्र प्रचंड आहे. कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल केवळ उतारावर वाहते. टाकी ३० सेंटिमीटर उंच असली तर दाब जेमतेम ०.०२ बार भरतो (१ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, फवारणाऱ्या इंजेक्शनला साधारण ३ ते ४ बार लागतात, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांना १०० ते ३५० बार, आणि आजच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेलला १,६०० ते २,५०० बार. कार्ब्युरेटरला पाच रुपयांच्या क्लिपवर चालते तसे इंजेक्शनला चालत नाही, याचे कारण हेच.

कधी बंद पडते?

निदानाची सुरुवात ‘काय होते’ यापेक्षा ‘कधी होते’ या प्रश्नाने करावी. सकाळी पहिल्यांदा फार वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर चावी दोन-तीनदा चालू-बंद करून प्रत्येक वेळी पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज थांबू द्यावा आणि मग स्टार्ट करावे. आता गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रभरात रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला, दाब उतरतो आहे; पेट्रोल मागे येऊ न देणारा पंपाचा चेक व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर संशयित.

१५-२० मिनिटे नीट चालून गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच ‘फुस्स’ असा आवाज येऊन पुन्हा सुरू होते, तेव्हा दोष झाकणाच्या श्वासछिद्राचा असतो. पेट्रोल कमी होते तशी आत हवा यायला वाट नसते आणि टाकीत निर्वात तयार होतो. मोटारसायकलींत हा दोष इतका सर्रास आढळतो की कार्ब्युरेटर खोलण्याआधी झाकण पाहणे शहाणपणाचे.

सपाट रस्त्यावर ठीक आणि चढावर, ओव्हरटेक करताना दम तोडणारी गाडी बहुधा पंप किंवा फिल्टरची तक्रार सांगते, कारण मागणी वाढली की पुरवठा तोकडा पडतो. याउलट फक्त आयडलिंगला खडखडणारी आणि वेग घेतल्यावर सुधारणारी गाडी इनटेकमध्ये चोरटी हवा घेत असते. स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती, पाहून हाच निवाडा आकड्यांत करता येतो. शॉर्ट (तात्पुरत्या) आणि लाँग (दीर्घकालीन) ट्रिमची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असावी. ती आयडलिंगला अधिक २० आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ आली तर हवेची गळती. भार वाढताना तीही वाढत गेली तर पुरवठा कमी. पी०१७१ हा कोड मिश्रण लीन असल्याचे सांगतो, पी००८७ रेलचा दाब कमी असल्याचे. कोणता भाग बदलायचा, हे कोड कधीच सांगत नाही.

कार्ब्युरेटरचे दुखणे

दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा पहिला बळी पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा भाग. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. पेट्रोलमधले हलके घटक उडून गेले की मागे उरणारा चिकट राळेसारखा थर ते बुजवतो. मग गाडी फक्त चोक ओढल्यावर चालते, चोक सोडला की मरते, आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट करते. जेट क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने मोकळा करावा. पोलादी तार घालू नये. जेट पितळी असतो, छिद्र रुंदावते आणि मग मिश्रण कायमचे बिघडते. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. त्याच्याबरोबर येणारी स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग हरवली तर आयडलिंग बसत नाही. जपानी कार्ब्युरेटरवरचे चौफुली स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात, हे बहुतेकांना एक-दोन डोकी झिजल्यावरच कळते.

दुसरे दुखणे ओव्हरफ्लो. कार्ब्युरेटरच्या भांड्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट पातळी भरली की नीडलने पेट्रोलची वाट बंद करतो. फ्लोटच्या नीडलखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा नीडलच्या टोकाला कडा पडली, की भांडे भरतच राहते. जास्तीचे पेट्रोल ओव्हरफ्लो नळीतून खाली पडले तर निदान दिसते तरी. ती नळी नसली किंवा तुंबली असली, तर पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या घरात, उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास येऊ लागला, तर इंजिन सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि सिलिंडर पेट्रोलने भरला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल आणि नीडल दोन्ही बदलूनच गाडी सुरू करावी.

फ्लोटची पातळी तपासायला कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. भांड्याच्या ड्रेन तोटीला पारदर्शक नळी जोडून ती भांड्याच्या बाजूला उभी धरावी आणि ड्रेन स्क्रू सैल करावा. नळीत पेट्रोल जिथे थांबते ती आतली पातळी. ती भांड्याच्या जोडापासून किती मिलिमीटर वर किंवा खाली हवी हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या शोषणाने, उघडणाऱ्या कॉकमध्ये आतला पडदा फाटला तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इनटेकमध्ये जाते. ती नळी काढून पाहावी. आतून पेट्रोलने ओली असेल तर कॉक गेला.

इंजेक्शन

इथे पहिला प्रश्न दाबाचा. गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावे. दाब कमी असला तरी लगेच पंपाला दोष देऊ नये. चालू पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर रिले, अर्थिंग किंवा गंजलेला पिन दोषी असतो, आणि नवा पंपही तसाच रडतो. व्होल्टेज ठीक निघाले तर पंपाच्या तोंडाची जाळी आणि फिल्टर, आणि मग पंप. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात, ते यामुळे.

पंप बाहेर काढल्यावर फ्लँजची, म्हणजे पंप टाकीवर बसवणाऱ्या कड्याची, ओ-रिंग नवीनच घालावी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते आणि खोबणीत बसत नाही. फ्लँज प्लास्टिकचा असल्याने बोल्ट आडव्या जोडीने, टॉर्क रेंचने आवळावेत. अंदाजाने जास्त आवळले की केसासारखी भेग पडते आणि ती टाकी पूर्ण भरल्यावरच गळते.

इंजेक्टरच्या कॉइलचा रोध बहुतेक पोर्ट इंजेक्टरांत १२ ते १६ ओहम असतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत आणखी एक गोष्ट घडते: इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे साचणारा कार्बन धुतला जात नाही. टाकीत कितीही क्लीनर ओतला तरी तो त्या जागी पोहोचत नाही.

पेट्रोल पंपावरची नळी एकदा आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याची सवय मोटारगाड्यांत कोळशाचा डबा बिघडवते. त्यात वाफेऐवजी द्रव पेट्रोल शिरते आणि मग पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते.

इथेनॉल, पाणी आणि रबर

इथेनॉल पाणी शोषते. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवते. त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी, नेमका पंपाच्या तोंडाशी, बसतो. पोलादी टाकीला गंज तिथूनच लागतो. अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने ठेवणे यासाठी सर्वांत वाईट, कारण वरची हवा रोज आकसते-फुगते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. जास्त दिवस ठेवायची गाडी टाकी भरून ठेवावी, आणि कार्ब्युरेटरचे भांडे रिकामे करावे.

जुन्या रबराला इथेनॉल फुगवते किंवा कडक करते. नळी बदलताना तिच्यावरचा एसएई जे३० (इंधन नळ्यांचे मानक) शिक्का वाचावा. आर७ ही कमी दाबाची, आर९ इंजेक्शनसाठीची, आणि टाकीत बुडालेल्या जागी आर१०. आर९ नळी टाकीच्या आत घातली तर बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये विरघळून फिल्टर भरतो. उच्च दाबाच्या नळीवर खाचा पाडून आवळणारी साधी क्लिप न वापरता गोल कडांची इंजेक्शन क्लिप वापरावी.

डिझेल

डिझेलचे पंप डिझेलनेच वंगण घेतात. त्यात चुकून पेट्रोल भरले तर चावीसुद्धा फिरवू नये, कारण बऱ्याच गाड्यांत चावीबरोबरच पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. टाकी रिकामी करणे स्वस्त पडते. पंप, रेल आणि इंजेक्टर बदलणे नाही. कॉमन रेलची गळती बोटाने कधीही चाचपू नये. त्या दाबाची धार कातडी भेदते आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी आतले मांस मरते, शस्त्रक्रिया करावी लागते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधतात.

पेट्रोलचा धोका वेगळा: ते उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडते, आणि ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, ते थंड होऊ द्यावे आणि मग बॅटरीची ऋण तार काढावी.

रिकॉल कशाचा होतो

बुजलेला जेट कितीही त्रासाचा असला तरी त्यावर रिकॉल निघत नाही. इंधन प्रणालीचे रिकॉल बहुतेक दोनच भीतींवर उभे असतात: गळून आग लागणे, आणि चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडणे.

आगीचे सर्वांत गाजलेले उदाहरण फोर्ड पिंटोचे. टाकी मागच्या अॅक्सलच्या मागे होती आणि मागून धडक बसली की ती डिफरन्शियलवर चेपून फाटे किंवा भरण्याची नळी निसटे. १९७८ मध्ये फोर्डने १९७१ ते १९७६ च्या सुमारे १५ लाख पिंटो व बॉबकॅट गाड्या परत बोलावल्या. उपाय होता टाकीसमोर प्लास्टिकची ढाल आणि भरण्याची लांब नळी. अमेरिकेच्या ३०१ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात मागच्या धडकेची चाचणी १९७७ च्या मॉडेलांपासून लागू झाली होती. त्या मानकात गळतीची मर्यादा आहे: गाडी थांबेपर्यंत २८ ग्रॅम, त्यानंतरच्या पाच मिनिटांत एकूण १४२ ग्रॅम.

बंद पडण्याचे मोठे प्रकरण डेन्सो या सुट्या भागांच्या जपानी पुरवठादाराच्या पंपांचे. आतला पंखा कमी घनतेच्या रेझिनचा होता. घडणीत सॉल्व्हंटचा संपर्क लांबल्यास त्याच्या पृष्ठभागावर भेगा पडत, पंखा पेट्रोल शोषून फुगे आणि पंपाच्या घराला घासून अडके. २०२० मध्ये टोयोटाचा रिकॉल जगभरात सुमारे ५८ लाख गाड्यांपर्यंत पोहोचला. होंडाने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत आणखी २५ लाखांहून अधिक गाड्या याच पंपासाठी बोलावल्या. एका पुरवठादाराचा एक सुटा भाग अनेक ब्रँडांत बसलेला असतो. म्हणून ‘माझी गाडी दुसऱ्या कंपनीची’ हा दिलासा पोकळ आहे.

दोष छोटासाही असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती सुझुकीने ४०,६१८ वॅगन-आर बोलावल्या, कारण इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. केटीएमने २०२५ मध्ये २०२४ सालच्या काही ड्यूक मोटारसायकलींच्या टाकीच्या झाकणातील सीलला भेगा पडतात म्हणून ते बदलून दिले.

रिकॉलमधला उपाय नेहमीच सुटा भाग बदलण्याचा नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत तीन सिलिंडरच्या १.५ लिटर इंजिनाच्या सुमारे ५.२ लाख गाड्या भेगाळणाऱ्या इंजेक्टरसाठी बोलावल्या. त्यांत दाब घटलेला ओळखणारे सॉफ्टवेअर आणि गळलेले पेट्रोल तापल्या भागांपासून दूर नेणारी नळी देण्यात आली. सरसकट इंजेक्टर बदलले गेले नाहीत. अशा उपायानंतरही बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर ‘रिकॉलचे काम झाले आहे’ म्हणून तो सोडून देऊ नये.

कायदा आणि तपासणी

अमेरिकेत रिकॉलचा पाया १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने घातला. सुरक्षेचा दोष ठरल्यापासून पाच कामकाजी दिवसांत उत्पादकाने नियामकाला कळवायचे असते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमाखालील रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आली. ती सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू आहे.

रिकॉल चासी क्रमांकाला चिकटतो, मालकाला नाही. म्हणून जुनी गाडी घेताना १७ अक्षरी क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासावा. कळवणारे पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेले असू शकते. मॉडेल आणि वर्ष जुळले तरी प्रत्येक गाडी यादीत असतेच असे नाही, कारण दोष बहुधा ठरावीक तारखांच्या बॅचमध्ये असतो. काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक आणि बदललेल्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. रिकॉल निघण्याआधी तोच भाग स्वखर्चाने बदलला असेल तर मूळ बिल आणि जुना भाग जपून ठेवावा. अनेक उत्पादक तो खर्च परत देतात.