हडसन रिव्हर चित्रसंप्रदाय

अमेरिकन स्वच्छंदतावादी चित्रकलेतील निसर्गचित्रणाचा प्रमुख प्रवाह. त्याचा काळ सामान्यतः १८२५ ते १८७५ असा धरतात. तथापि दोन्ही सीमा सैल आहेत. टॉमस कोल (१८०१–४८), ॲशर ड्युरँड, फ्रेडरिक चर्च, जॉन केन्सेट, सँफर्ड गिफर्ड व आल्बर्ट बीरश्टाट हे त्याचे ठळक चित्रकार.

संप्रदायाचे ‘हडसन रिव्हर स्कूल’ हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. या मंडळींची ना शाळा होती, ना जाहीरनामा. आणि ती न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीपुरतीही मर्यादित नव्हती: चर्च दक्षिण अमेरिकेतील अँडीजपर्यंत, तर बीरश्टाट रॉकी पर्वतापर्यंत जाऊन आला. नाव कोणी दिले याबद्दल एकमत नाही. एका परंपरेनुसार ते न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा कलासमीक्षक क्लॅरेन्स कुक याचे, तर दुसरीनुसार चित्रकार होमर डॉज मार्टिन याचे. दोन्ही परंपरांत ते हिणवण्यासाठीच वापरलेले दिसते. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या बार्बिझाँ चित्रकारांची मोकळी, धूसर शैली रसिकांना भावू लागली आणि पानन्‌पान रेखणारी जुनी निसर्गचित्रे गावंढळ वाटू लागली. हे नाव त्या वातावरणातले आहे. त्यामुळे श्रेय एकाच व्यक्तीला देण्यापेक्षा ते चित्रकार-समीक्षकांच्या बोलण्यातून रुळले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘ल्युमिनिझम’ ही प्रकाशप्रधान चित्रांसाठीची संज्ञा तर त्याहून उशिराची. ती जॉन बाउर या अभ्यासकाने १९५० च्या दशकात रूढ केली. तिला स्वतंत्र संप्रदाय मानावे की एक छटा, हा वाद मिटलेला नाही.

आरंभ मात्र बराच नेमका सांगता येतो. इंग्लंडमधील लँकाशरमध्ये जन्मलेला कोल १८१८ मध्ये अमेरिकेत आला. १८२५ मध्ये हडसनच्या काठाने कॅट्स्किल डोंगरांत हिंडून त्याने केलेली चित्रे न्यूयॉर्कमध्ये विक्रीला लागली. जॉन ट्रंबुल, विल्यम डनलॅप व ड्युरँड या चित्रकारांनी त्यांतली एकेक घेतली आणि कोलचे नाव झाले. हडसन नदीला पश्चिमेकडील ईरी सरोवराशी जोडणारा ईरी कालवा याच वर्षी खुला झाला. ज्या रानाची थोरवी रंगवायची, तेच तोडले जात होते. ही घालमेल कोलच्या कामात शेवटपर्यंत राहिली.

ती सर्वांत स्पष्ट दिसते ‘द ऑक्सबो’ (१८३६) या चित्रात. मॅसॅचूसेट्समधील होल्योक डोंगरावरून कनेक्टिकट नदीचे वळण दिसते. डावीकडे वादळी ढग आणि पिळवटून मोडलेले झाड. उजवीकडे ऊन, आखीव शेते, धुराच्या बारीक रेषा. मधोमध खडकांआड टोपी घातलेला, चित्र काढता काढता मान वळवून आपल्याकडे पाहणारा इवलासा माणूस म्हणजे खुद्द कोल. दूरच्या टेकडीवरील झाडतोडीच्या खुणांत काहींना ‘नोहा’ (बायबलमधील जलप्रलयातून वाचलेला पुरुष) या नावाची हिब्रू अक्षरे दिसतात. अक्षरांचे वाचन वादग्रस्त आहे. कोलची भूमिका समजायला त्याची गरजही नाही. निसर्गाचे माहात्म्य सांगणारा अमेरिकन विचारवंत इमर्सनचा निबंध याच वर्षीचा.

कोलच्या निधनानंतर ड्युरँडने ‘किंड्रेड स्पिरिट्स’मध्ये (१८४९) त्याला कवी विल्यम कलन ब्रायंटसोबत कड्यावर उभे केले. कोलचा शिष्य चर्च जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टच्या लेखनाने भारून दक्षिण अमेरिकेत गेला. त्याचे ‘हार्ट ऑफ द अँडीज’ (१८५९) न्यूयॉर्कमध्ये पंचवीस सेंट तिकीट लावून दाखवले गेले, तेव्हा लोक रांगा लावून आले. पुढे ते १०,००० डॉलरना विकले गेले.

या चित्रांतील निर्मनुष्य रान हा बऱ्याच अंशी कल्पनेचा भाग आहे. मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा १८३० चा. चित्रांत ते चिमुकल्या आकृतींपुरते उरतात किंवा दिसतच नाहीत. सूझी बार्स्टो हिच्यासारख्या, डोंगर चढून रेखाटने करणाऱ्या स्त्रियांची दखल जुन्या ग्रंथांत नाममात्रच आहे.

कॅट्स्किल येथील कोलचे घर आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर फ्रेडरिक चर्चने बांधलेले ‘ओलाना’ हे घर आता पाहण्यास खुले आहेत.