हॅक्नी डाऊन्स: एकाच जागेवरच्या दोन शाळा

पूर्व लंडनमधल्या हॅक्नीत सेकंडरी शाळेचा विषय निघाला की मॉसबोर्न अकॅडमीचं नाव येतंच, आणि मागोमाग ती ठरलेली स्टोरीपण येते, की इथे आधी देशातली सगळ्यात वाईट शाळा होती, ती बंद केली, नवी बांधली, कडक हेडमास्तर आणला आणि चमत्कार झाला. स्टोरी खोटी नाहीये, पण अर्धीच आहे, कारण त्या "वाईट" शाळेची, म्हणजे हॅक्नी डाऊन्स स्कूलची, आधीची शंभर वर्षं त्यात कुणी धरतच नाही.

ती शाळा १८७६ साली ग्रोसर्स कंपनीने काढली. ही लंडनच्या व्यापाऱ्यांची जुनी संघटना, मुळात मिरीवाल्यांची, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं नाव चक्क क्लोव्ह क्लब, म्हणजे लवंग क्लब! हॅक्नी तेव्हा खाऊनपिऊन सुखी लोकांचं उपनगर होतं आणि शाळा त्यांच्याच मुलांसाठी. १९०६ मध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली, पुढे ईस्ट एंडच्या गरीब वस्तीतून वर सरकलेल्या ज्यू कुटुंबांची पोरं तिथे मोठ्या संख्येने यायला लागली. नाटककार हॅरॉल्ड पिंटर त्यातलाच, वडील शिंपीकाम करायचे. जो ब्रेअर्ली नावाच्या इंग्लिशच्या मास्तरांनी त्याला नाटकाचं वेड लावलं, १९४७ मध्ये शाळेत 'मॅकबेथ' बसवलं आणि पिंटर खाकी लष्करी पोशाखात मॅकबेथ म्हणून उभा राहिला. पुढे २००५ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. सिनेनट मायकेल केनसुद्धा थोडा काळ याच शाळेत होता.

मग घसरण कशी झाली? एका दिवसात नाही. १९६३ मध्ये मोठी आग लागली, १९६९ मध्ये ग्रामर स्कूलची कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली, म्हणजे परीक्षा घेऊन निवडक मुलं घेणं बंद. माझ्या मते हा बदल चूक नव्हता, पण सगळ्यांची शाळा चालवायची तर पैसा आणि शिक्षक जास्त लागतात, आणि इथे इमारतसुद्धा धड सांभाळली गेली नाही. १९९० मध्ये लंडनच्या आतल्या भागातल्या शाळा बघणारी यंत्रणाच मोडीत काढली आणि शाळा बरोंच्या, म्हणजे शहराच्या एकेका भागाच्या कौन्सिलांच्या, गळ्यात पडल्या, त्यात हॅक्नी कौन्सिलचा कारभार म्हणजे आनंदच. हेड बदलत राहिले, ज्यांना जमलं त्यांनी मुलं दुसरीकडे घातली, १९९५ पर्यंत साधारण दोनशेच मुलगे उरले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरची भाषा इंग्लिश नव्हती. कौन्सिलने आधी शाळा बंद करायचं ठरवलं, मग निर्णय फिरवला, तर सरकारने आपली माणसं पाठवली, त्यांनी ऑक्टोबरात रिपोर्ट दिला आणि डिसेंबरअखेर शाळा बंद. पालक कोर्टात गेले, काही झालं नाही. दहावीसारखी जीसीएसई परीक्षा काही महिन्यांवर आलेली पोरं भर वर्षात दुसऱ्या शाळेत पाठवली, याचं मला अजून नवल वाटतं. पेपरवाल्यांनी तोवर "ब्रिटनमधली सगळ्यात वाईट शाळा" असा शिक्का मारलाच होता.

जागा काही वर्षं तशीच पडून होती. २००४ मध्ये तिथे मॉसबोर्न सुरू झाली, क्लाइव्ह बोर्न या हॅक्नीत वाढलेल्या उद्योजकाने पैसे घातले आणि नाव वडिलांचं दिलं, मॉस बोर्न. इमारत आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्स यांच्या फर्मची, लाकडी सांगाड्याची, इंग्रजी व्ही आकाराची, रेल्वेलाइनीकडे पाठ आणि हॅक्नी डाऊन्सच्या मैदानाकडे तोंड. हेड मायकेल विल्शॉ. युनिफॉर्म कडक, आणि प्रत्येक तासाच्या सुरुवातीला मुलांनी उभं राहून म्हणायचं की मी जिज्ञासू मन, शांत वृत्ती आणि लक्ष देणारा कान ठेवीन.

२००९ च्या पहिल्या जीसीएसई बॅचचे निकाल आले आणि लोक थक्क झाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या, मॉसबोर्नला जुनी पोरं मिळालीच नव्हती. पहिल्या वर्षी फक्त सातवीचा वर्ग, मग दरवर्षी एकेक वर्ग वाढवत नेला. मुलीपण होत्या, आणि प्रवेश चाचणीवरून चार गट पाडून द्यायचे, म्हणजे हुशार-मागे पडलेले सगळे मिसळून येतील. मेहनत खरी होती, त्यात वाद नाही, पण बुडत्या शाळेला ही सवलत कुणी दिली होती?

२०१२ मध्ये विल्शॉ ऑफस्टेडचे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुख झाले, आणि मग देशभरच्या शिक्षकांशी त्यांचं चांगलंच वाजलं.