उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे

'हेलिकॉप्टर' कुठे तोडाल? बहुतेक जण 'हेली' आणि 'कॉप्टर' असं तोडतात. इंग्रजीनेही पुढे तेच केलं, म्हणून तर 'हेलिपॅड' हा शब्द आला. पण मुळातले ग्रीक घटक वेगळे आहेत: 'हेलिको' म्हणजे मळसूत्री, आणि 'प्टेर' म्हणजे पंख. हाच पंख 'टेरोडॅक्टिल'मध्ये आहे, फक्त तिथला पी मुका. बोलताना मात्र आपण हे-लि-कॉप्-टर म्हणतो आणि पंख मधोमध चिरला जातो.

हे आपल्याला नवं नाही. 'विद्यालय' म्हणताना जीभ वि-द्या-लय अशी चालते, पण संधी सोडवताना आपण विद्या + आलय लिहितो. सांधा नेमका 'द्या'च्या पोटात असतो. 'क्रोकोडाइल'मध्ये उच्चाराचे तुकडे तीन, अर्थाचा एकच. 'कॅट्स'मध्ये उलट: उच्चार एका दमात, पण अर्थाचे तुकडे दोन, कारण शेवटचा 'स' अनेकवचनाचा.

शाळेत लांब शब्द तोडून पाठ करायला सांगतात, पण कुठले तुकडे ते सांगत नाहीत. मुलं तिथेच अडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन्ही तुकड्यांची गाठ पडते ती जोराशी. मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे 'फोटोग्राफी'तले सगळे स्वर आपण भरून म्हणतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या 'फो'वर असतो. 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्या तुकड्यावर सरकतो आणि 'फो' पुसट होऊन 'फ' उरतो: फ-टॉ-ग्र-फी. 'फोटोग्राफिक'मध्ये जोर तिसऱ्यावर, 'ग्रॅ'वर. जोर हलवतो तो प्रत्यय. 'इक', 'शन', 'इटी' हे जोर आपल्या लगेच आधीच्या तुकड्यावर ओढून घेतात. 'नेस' आणि 'फुल' त्याला हातही लावत नाहीत. अपवाद आहेतच, 'पॉलिटिक्स'चा जोर पहिल्या 'पॉ'वरच राहतो.

स्पेलिंगसाठी मात्र अर्थाचेच तुकडे धरा. 'इलेक्ट्रिक'च्या शेवटच्या सीचा उच्चार क, 'इलेक्ट्रिसिटी'त स, 'इलेक्ट्रिशियन'मध्ये श. कानावर विसंबलात तर 'इलेक्ट्रिसिटी'त एस लिहाल. आधी 'इलेक्ट्रिक' पुरता लिहा, मग पुढचा प्रत्यय जोडा. सी आपल्या जागी राहतो.