एक ‘४’ विसरला आणि गाणं कागदाबाहेर गेलं

“पहिल्या दोन ओळी शहाण्यासारख्या आल्यात, तिसरी कागद सोडून पळते. सॉफ्टवेअरच गंडलंय.”

वसईच्या एका मित्राचा हा मेसेज गेल्या महिन्यात आला, सोबत पीडीएफ. तो चर्चच्या गायनवृंदासाठी गाणी स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहून काढतो. चाळीस बारचं साधं गाणं (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तालाचा एक खण). पीडीएफमध्ये तिसऱ्या ओळीतले स्वर उजव्या समासाला न जुमानता सरळ पुढे गेले होते आणि कागद संपला तिथे कापले गेले होते. उपाय त्याने सगळे करून पाहिले होते. स्वरांचा आकार लहान केला, पान आडवं केलं, शेवटी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. अनइन्स्टॉल-इन्स्टॉल हा आपल्याकडचा संगणकाची दृष्ट काढण्याचा विधी आहे. मीठ-मोहऱ्या तेवढ्या ओवाळायच्या राहतात.

हे सॉफ्टवेअर म्हणजे लिलीपॉन्ड. हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये ते लिहायला घेतलं. ते फुकट आहे आणि त्यात माउसने स्वर ओढून रेघांवर ठेवायची सोय नाही. तुम्ही साध्या मजकुराची फाइल लिहायची, प्रोग्रॅम ती वाचून पान रचतो. धातूच्या पत्र्यावर हाताने कोरून छापलेल्या जुन्या स्वरलिपीची देखणी, भरीव छपाई संगणकातून काढायची, ही त्यांची जिद्द. पान खरंच सुंदर येतं. पण काही चुकलं तर चूक पानावर दिसते एकीकडे आणि फाइलमध्ये असते भलतीकडे.

मित्राच्या फाइलमधला नववा बार असा हवा होता (सी, डी, ई ही स्वरांची पाश्चात्त्य नावं, फाइलमध्ये ही लहान रोमन अक्षरं असतात): सी४ डी ई८ एफ जी४. इथे ४ म्हणजे पाव स्वर, पूर्ण स्वराचा चौथा हिस्सा, आणि ८ म्हणजे त्याचा निम्मा. जुन्या मापात सांगायचं तर अर्धपाव. डीपुढे आकडा नाही, कारण आकडा दिला नाही की लिलीपॉन्ड मागचाच आकडा पुढे चालवतं. टायपिंग वाचावं म्हणून केलेली ही सोय. म्हणजे पाव, पाव, अर्धपाव, अर्धपाव, पाव. बेरीज एक पूर्ण स्वर, म्हणजे या गाण्याचा एक बार भरला.

मित्राने शेवटच्या जीपुढचा ४ टाकला नाही.

आता मागचा आकडा आहे ८, त्यामुळे जी अर्धपावाचा झाला आणि बार ७/८ वर थांबला. दहाव्या बारमध्ये होते ए जी एफ ई, चारही बिनआकड्याचे. तेही अर्धपावाचे झाले, म्हणजे चौघे मिळून अर्धाच बार. अकराव्या बारच्या सुरुवातीला त्याने सुदैवाने ४ लिहिला होता, तिथे गाडी पुन्हा पावावर आली. पण तोवर हिशेब बिघडला होता. ७/८ अधिक १/२ म्हणजे ११/८. त्यातला एक पूर्ण बार काढला की उरतात ३/८. अकराव्या बारपासून पुढचा प्रत्येक स्वर आपल्या जागेपासून ३/८ सरकलेला. तबलजीची एक मात्रा गळाली की पुढचा ठेका कितीही बिनचूक वाजवला तरी सम हुकतच राहते, तसं.

मग प्रोग्रॅमने तक्रार का केली नाही? कारण त्याच्या दृष्टीने तक्रार करण्याजोगं काही घडलंच नाही. तो आलेले स्वर ओळीने बारमध्ये ओतत जातो. एक बार भरला की रेघ मारतो आणि उरलेला स्वर पुढच्या बारमध्ये घेतो. तुम्हाला रेघ कुठे अपेक्षित होती हे तुम्ही सांगितलं तरच त्याला कळणार. ते सांगायचं चिन्ह म्हणजे उभा दंड, ‘|’. हा दंड रेघ काढत नाही. ‘इथे बार संपायला हवा, तपासून बघ’ एवढंच तो म्हणतो. मित्राने एकही दंड घातला नव्हता. मी चाळीस बारना चाळीस दंड घातले आणि फाइल पुन्हा चालवली. दोनच इशारे आले: बारची तपासणी ७/८ वर फसली, बारची तपासणी ३/८ वर फसली. पुढचे तीस बारही चुकीच्याच जागी होते, पण सगळे त्याच ३/८ वर, आणि तीच ती तक्रार लिलीपॉन्ड पुन्हा करत नाही. चूक एकच, इशारे दोन. पहिला दुरुस्त केला तेव्हा दुसरा आपोआप गेला.

जाता जाता एक गोष्ट. हा सगळा हिशेब लिलीपॉन्ड दशांशात करत नाही, खऱ्याखुऱ्या अपूर्णांकात करतं. संगणकाच्या नेहमीच्या दशांश पद्धतीत ०.१ तीनदा मिळवले तर ०.३ येत नाहीत, शेपटाला ०.३०००००००००००००००४ असा कचरा राहतो. एका पावात तीन स्वर बसवायचे तर प्रत्येक १/१२ चा. अशा शंभर तिकड्यांनंतर केसभर जरी फरक पडला तरी दंडाची तपासणी उगाच फसेल. अपूर्णांकात १/१२ तीनदा म्हणजे १/४, एवढंच.

आता मूळ प्रश्न. स्वर सरकले हे खरं, पण ओळ कागदाबाहेर का गेली?

ओळ तोडायची तर ती बाररेघेवरच तुटते, आणि त्या रेघेवर कुठलाही स्वर वाजत असता कामा नये. अर्धा स्वर या ओळीत, अर्धा खालच्या ओळीत, असं चालत नाही. मित्राचं गाणं अकराव्या बारपासून पाव आणि अर्ध्या स्वरांचंच होतं. ३/८ सरकल्यावर पाव स्वर कुठे सुरू होतात? ३/८, ५/८, ७/८ आणि पुढच्या बारमध्ये १/८. यातला ७/८ वर सुरू झालेला स्वर ९/८ पर्यंत चालतो, म्हणजे रेघ त्याच्या बरोबर पोटातून जाते. प्रत्येक बारमध्ये हेच. अर्धा स्वर असेल तर तो आणखीच ऐसपैस बसतो. तीस बारमध्ये ओळ तोडायला एकही कायदेशीर जागा उरली नाही. ओळ तोडता येत नाही म्हटल्यावर ती लांबतच जाणार.

आणि जागा असतात तेव्हा त्यातली कुठली निवडायची हे ठरवण्याची रीत मला या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात आवडते. चाळीस बारमध्ये आतल्या रेघा ३९. प्रत्येकीवर तोडा किंवा तोडू नका, म्हणजे २ चा ३९ वा घात, जवळजवळ ५५ हजार कोटी रचना. भोळा प्रोग्रॅम पहिली ओळ भरेल तितकी भरतो, मग दुसरी, आणि शेवटच्या ओळीत दोन बार उपाशी सोडतो. डोनाल्ड नुथ आणि मायकेल प्लास या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये परिच्छेदाच्या ओळींसाठी यावर उत्तर मांडलं, लिलीपॉन्ड त्याच वाटेने जातं. दोन स्वरांमध्ये जणू स्प्रिंग आहे असं धरायचं. स्प्रिंग किती ताणली किंवा दाबली त्यानुसार त्या ओळीला भुर्दंड. मग सुरुवातीपासून प्रत्येक रेघेशी एकच नोंद ठेवायची: ‘इथपर्यंत यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग’. पुढच्या रेघेचा स्वस्त मार्ग काढताना मागच्या नोंदी वापरायच्या, मागचं सगळं पुन्हा उकरायचं नाही, कारण स्वस्त मार्गाचा आधीचा तुकडाही स्वस्तच असावा लागतो. सुरुवात, शेवट आणि ३९ रेघा मिळून ४१ ठिकाणं. त्यातली कुठलीही दोन घेऊन होणाऱ्या ओळी ८२०. ५५ हजार कोटींचं काम ८२० ओळी तपासून होतं! इथे कुणाची मान डुगडुगली असेल तर हरकत नाही, पुढच्या भागाला याची गरज नाही.

मित्राने चॅटबॉटलाही विचारलं होतं. त्याने आत्मविश्वासाने एक आज्ञा दिली, ‘ओळ जबरदस्तीने समासात बसवा’ अशा अर्थाची, नाव अगदी खरं वाटावं असं. लिलीपॉन्डने ती ओळखली नाही आणि आणखी एक एरर वाढली. ही यंत्रं उपयोगाची नाहीत असं मी म्हणत नाही, पण जी आज्ञा सॉफ्टवेअरच्या हस्तपुस्तिकेत सापडत नाही ती फाइलमध्ये घालू नये. कुणी दिली यावर ती खरी ठरत नाही.

एररची जागा हा आणखी एक चकवा. प्रोग्रॅम ओळीचा आणि अक्षराचा क्रमांक देतो, पण तो क्रमांक तो कुठे अडखळला त्याचा असतो. विसाव्या ओळीतला महिरपी कंस मिटायचा राहिला तर बोंब बहुधा फाइलच्या शेवटी होते, कारण कंस कधीतरी मिटेल या आशेवर तो तिथपर्यंत वाचत जातो. तेव्हा दाखवलेल्या जागेपासून मागे मागे जायचं. तरी सापडलं नाही तर अर्धी फाइल टिप्पणीच्या खुणांमध्ये बंद करायची, म्हणजे प्रोग्रॅम ती वाचत नाही. एरर गेली तर चूक बंद केलेल्या अर्ध्यात, राहिली तर उघड्या अर्ध्यात. चारशे ओळींच्या फाइलमध्ये नऊ वेळा असं केलं की एका ओळीवर येतो. फक्त कंसांच्या जोड्या मधूनच कापायच्या नाहीत, नाहीतर नवीन एररी आपणच पेरतो.

मराठी शब्द स्वरांखाली बसवतानाही गंमत होते. अक्षरं सुटी करायला मध्ये दोन आडव्या रेघा द्यायच्या असतात. ‘चंद्र’ हा ‘चं -- द्र’ असा तोडायचा. कुणी ‘चंद् -- र’ तोडला तर पानावर द चा पाय मोडलेला दिसतो आणि दोष फाँटला दिला जातो. शब्दांऐवजी चौकोनी डबे आले तर मात्र दोष खरंच फाँटचा, संगणकात देवनागरी फाँटच नसतो.

नवव्या बारमध्ये ४ टाकला, गाणं पाच ओळींत नेटकं बसलं. मित्र खूश. दोन दिवसांनी पुन्हा मेसेज, दुसरं गाणं, डी मेजरमधलं: “आता प्रत्येक एफ आणि सीपुढे नॅचरलचं चिन्ह येतंय. या वेळी तरी बग आहे ना?”

नाही. डी मेजर, म्हणजे एफ आणि सी चढे (शार्प) असलेली स्वरपट्टी, असं वर जाहीर केल्याने फाइलमधला एफ आपोआप एफ शार्प होत नाही. लिलीपॉन्डमध्ये जो स्वर वाजायला हवा त्याचं पूर्ण नाव लिहायचं. तुम्ही नुसता एफ लिहिला तर त्याला खरंच शुद्ध एफ हवाय असं वाटतं, आणि डी मेजरमध्ये शुद्ध एफ दाखवायला नॅचरलचं चिन्ह लागतंच. एफ शार्पचं इथलं मूळ नाव डच आहे, ‘फिस’, सी शार्पचं ‘सिस’. मित्राला तेवढं बदलायला सांगितलंय. सत्तेचाळीस ठिकाणी.