खोल समुद्रातील दीर्घायुषी मासे आणि सहपकड

ज्या माशासाठी जाळे टाकले त्याखेरीज जे काही जाळ्यात येते ती सहपकड, म्हणजेच बायकॅच. समुद्रापासून लांब असलेल्या सांगलीतही ती घरोघर पोचते. बाजारातून आणलेली सुकट सुपात घेऊन निवडायला बसले की नखाएवढा खेकडा, एखाददुसरे माशाचे पिल्लू बाजूला काढावे लागते. जवळ्याच्या जाळ्यात ती आपसूक आलेली असतात. जवळ्याचे आयुष्य काही महिन्यांचे, त्याची भर लवकर निघते.

खोल पाण्यात भर अशी निघत नाही. गारठा आणि तुटपुंजे अन्न यांमुळे तिथे वाढ फार सावकाश होते. शेततळ्यातला कटला वर्षभरात किलोभर होऊन विकला जातो. ऑरेंज रफी नावाचा मासा वयात यायलाच वीस-तीस वर्षे घेतो. तो आणि अलास्काकडचा रफआय रॉकफिश दोनशे वर्षे जगल्याच्या नोंदी आहेत.

खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात खिलाराचे दात बघून आदत, दुसा, चौसा ठरवतात. माशाचे वय त्याच्या कानातल्या खड्यात, म्हणजे कर्णाश्मात असते. तो कापून भिंगाखाली वर्षागणिक पडलेल्या वळ्या मोजतात. अर्थात त्यासाठी मासा मेलेला लागतो. ग्रीनलंड शार्कमध्ये वळ्या मोजाव्यात असे काहीच सापडत नाही. म्हणून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगातील किरणोत्सारी कार्बन मोजला गेला. त्यांतली सर्वांत मोठी, पाच मीटर लांबीची मादी अंदाजे ३९२ वर्षांची निघाली. या अंदाजात १२० वर्षे इकडेतिकडे धरावी लागतात. अगदी २७२ मानली तरी तिचा जन्म थोरले शाहू महाराज साताऱ्याच्या गादीवर होते तेव्हाचा. या जातीला वयात यायला सुमारे दीडशे वर्षे लागतात. गंमत अशी, की या माद्याही मासळीच्या पाहणीसाठी टाकलेल्या जाळ्यांत चुकून आलेल्या होत्या.

नको असलेला मासा पाण्यात परत सोडावा, हा उपाय ऐकायला बरा. पण दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. रॉकफिश झपाट्याने वर ओढला की त्याच्या वाताशयातील, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतील वायू फुगतो, डोळे खोबणीबाहेर येतात, जठर उलटून तोंडात येते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावरच तरंगत राहतो. शार्कला वाताशय नसल्याने तो या फेऱ्यातून वाचतो, आणि जाळ्यात फार दमला नसेल तर जगूही शकतो.

उत्तरेकडच्या थंड समुद्रांत कोळंबीच्या जाळ्यात तिरका गजांचा चौकटा बसवतात. कोळंबी गजांमधून आत जाते, मोठा मासा वरच्या भोकातून निसटतो. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्या पाण्यात ८०० मीटरच्या खाली तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली. ऑरेंज रफीसाठी चौकट्याचा उपाय अपुराच आहे, कारण तो बायकॅच नसून मुद्दाम पकडला जाणारा मासा आहे. समुद्रातल्या डोंगरांवर तो अंडी घालायला थव्याने जमतो आणि जाळीही नेमकी तिथेच पडतात. त्याच्याबरोबर मग खोल पाण्यातले शार्क आणि शेकडो वर्षांची प्रवाळे मोडून वर येतात.